दयाळ, पान दोनशे बारा

ज्या खणात माझ्या नोकरीतल्या साड्या असायच्या
तिथे आता ब्रह्मदेश आणि सयाम.
मधल्या खणात मलाया.
सगळ्यांत खाली बेटं: सुमात्रा, जावा, बोर्निओ.
बेटांना ओल चालत असेल, असा माझा समज होता;
कसरीने तो दोन पावसाळ्यांत कुरतडून टाकला.

एकतीस पुस्तकं.
त्यांतले पक्षी दहातला एक पाहिलाय, तोही
सिरपूरच्या तळ्यावर, दुसऱ्याच्या दुर्बिणीतून.
बाकीचे कागदाचे.
कोषागारात सदतीस वर्षं
परक्यांचे पैसे मोजले, त्याची सवय म्हणा.

खजुरी बाजारात आधी मी 'गाइड' मागितलं
की अनोखीलालजी दहावीचं गणित काढायचे.
आता लांबूनच हाक मारतात,
"मैडम, चिड़िया आई है।"
रद्दी वजनावर घेतात, मला नगावर देतात,
आणि वर चहा पाजून
भाव पाडायची सोय ठेवत नाहीत.

कितीतरी पाखरांना मराठीत नाव नाही.
वहीत मी ठेवते:
विडा कोंबल्यासारखी चोच, तो पानतोंड्या.
शेपटीला दोन तारा लोंबणारा, तो वायरमन.
एकाला नुसतंच 'साहेब' लिहिलंय,
आमच्या हिशेब अधिकाऱ्यांसारखा
मान न वळवता बघतो.
थायलंडच्या खंड्यावर हळदीचं बोट उमटलंय.
ते माझंच. रविवार होता, पोहे होते.

एकच पक्षी एकतीसही पुस्तकांत आहे.
दयाळ.
उत्तर बोर्निओत त्याचं पोट काळं.
फिलिपाइन्सच्या जुन्या पुस्तकात तो आपल्यातलाच होता,
नव्या आवृत्तीत त्याला
वेगळी जात म्हणून काढून दिलंय.
वाटणी झाली. मला ती आवृत्ती
पुन्हा विकत घ्यावी लागली.
जावाच्या पुस्तकात एक ओळ आहे:
पूर्वी सर्वत्र. आता बहुतेक पिंजऱ्यांत.
ते पान मी लवकर उलटते.

मलायाचं पुस्तक मागच्या दिवाळीआधी मिळालं.
आत निळ्या शाईत: आर. दोराईराजू, इपोह, १९७१.
तिथून ते इंदूरला कसं आलं,
अनोखीलालजींना विचारलं तर म्हणाले, "बोरे में।"
दोराईराजू टिपणं करणारा माणूस.
प्रत्येक पक्ष्याशी पेन्सिलीची खूण, तारीख, जागा:
चुन्याचा डोंगर, सकाळी सात.
रबराचा मळा, पाऊस, चष्मा विसरलो.
धनेशाशी तीन उद्गारचिन्हं.
नवरंगाशी प्रश्नचिन्ह, ते चार वर्षांनी खोडलेलं.
पान दोनशे बारावर दयाळ.
तारीख नाही. जागा नाही.
फक्त एक शब्द: घरी.

त्या शब्दाशी मी बराच वेळ बसले.
डाळ लागली.

पुतणी इरावती आली तेव्हा म्हणाली,
"आत्या, हे सगळं फोनवर असतं,
आवाजासकट," आणि तिने वाजवलाच
मलायाचा दयाळ, माझ्या स्वयंपाकघरात.
तशी समोरच्या अँटेनावरून आमचा
तडक खिडकीच्या गजावर,
शेपूट उभी, छाती पुढे,
कोण आलंय माझ्या हद्दीत?
सुदामानगरातल्या त्या एवढ्याशा जिवाला
समुद्रापारची शिवी बरोबर कळली होती.
इरावतीने फोन बंद केला.
तो मात्र पुढची दहा मिनिटं
मिक्सरला, बरणीला, आम्हा दोघींना
समजावत राहिला.

रात्री कपाट उघडलं.
दुसऱ्याच्या पुस्तकात मी कधी लिहीत नाही.
लिहिलं.
'घरी'च्या खाली एक खूण,
टोकदार, कडक पेन्सिलीने, फिकट;
उद्या हे पुन्हा बोऱ्यात गेलं
आणि कुणाला नको वाटली,
तर थुंकी लावलेल्या बोटानेही जावी, अशी.